शोधनिबंधाचा डेटा ठेवायचा कुठे: झेनोडो, ड्रायड की ‘मागितल्यास देऊ’?

निबंध स्वीकारला जाण्याच्या सुमारास नियतकालिक विचारतेच: डेटा कुठे मिळेल? बरेच जण ‘लेखकांकडे मागितल्यास मिळेल’ असे लिहून मोकळे होतात. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, असे आश्वासन देणाऱ्या १,७९२ निबंधांच्या लेखकांकडे खरोखरच डेटा मागितला गेला. ९३ टक्क्यांनी उत्तर दिले नाही किंवा नकार कळवला. सगळ्यांच्याच मनात खोट असते असे नाही. पीएचडी संपते, विद्यापीठाचा ईमेल बंद होतो, लॅपटॉप बदलतो, आणि शेवटची फाइल गाइडकडे आहे की ज्युनियरकडे हेच आठवत नाही. हा पर्याय माझ्या मते बादच.

उरले दोन: झेनोडो आणि ड्रायड, म्हणजे संशोधनाचा डेटा ठेवण्याची ऑनलाइन भांडारे. झेनोडो २०१३ पासून चालू आहे. युरोपातल्या सर्न या संस्थेच्या सर्व्हरवर चालते, विषयाची अट नाही, पैसे नाहीत, एका नोंदीत ५० जीबीपर्यंत फाइली मावतात. दुरुस्ती करायची तर नवी आवृत्ती चढवायची. तिला वेगळा डीओआय (कायमस्वरूपी ऑनलाइन ओळखक्रमांक) मिळतो आणि सगळ्या आवृत्त्यांचा मिळून एक सामाईक डीओआयही असतो. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरचा कोडही तिथे जोडता येतो.

ड्रायड मूळचे जीवशास्त्राकडे झुकलेले. तिथे शुल्क आहे. काही वेळा ते नियतकालिक किंवा संस्था भरते, म्हणून आधी चौकशी करा. पैसे कशाचे, तर तिथे माणसे फाइली उघडून पाहतात. ‘वजन’ या स्तंभात ग्रॅम आहेत की किलो, रिकामा चौकोन म्हणजे शून्य की मोजलेच नाही, असले प्रश्न तुम्हाला ईमेलने येतात. झेनोडोवर हे कुणी विचारत नाही. आणि चुका नकळत होतात: एक्सेल ‘मार्च१’ नावाच्या जनुकाची परस्पर तारीख करून टाकते. हा घोळ इतका पसरला की २०२० मध्ये अशा जनुकांची अधिकृत नावेच बदलावी लागली. मराठी मजकुराचे आणखी एक दुखणे: यूटीएफ-८ या अक्षर-संकेतातली सीएसव्ही (तक्त्याची साधी मजकूर-फाइल) एक्सेलमध्ये थेट उघडली की देवनागरीचा अनेकदा खिचडा होतो. तेव्हा झेनोडो निवडलेत तर कोणत्या स्तंभात काय आहे हे सांगणारे माहितीपत्रक स्वतः लिहा आणि प्रयोगशाळेबाहेरच्या एखाद्याला फाइली उघडायला लावा.

परवान्यातही फरक आहे. ड्रायडवर सीसी-झिरो, म्हणजे हक्क पूर्ण सोडायचे. श्रेय मिळेल ते शिष्टाचार म्हणून. झेनोडोवर श्रेय बंधनकारक करणारा सीसी-बाय निवडता येतो.

माणसांचा डेटा असेल तर खरी अडचण सुरू होते. नावे खोडली म्हणजे ओळख पुसली, हा भ्रम आहे. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोडसारखा झिप कोड एवढ्यावर अमेरिकेतले सुमारे ८७ टक्के लोक एकमेव ठरतात, असा संगणकशास्त्रज्ञ लताण्या स्वीनी यांचा जुना अंदाज आहे. आपल्याकडे तर ‘आशा सेविका, वय ४१’ आणि गावाचे नाव एवढे पुरे. गावात विचारा, घर दाखवतील. अशा मुलाखती ड्रायडवर नकोत, कारण तिथे प्रकाशित झालेले सगळे खुले असते. झेनोडोवर फाइली कुलूपबंद ठेवून विनंती आल्यावर उघडता येतात. मात्र शीर्षक आणि वर्णन तरीही सगळ्यांना दिसते; गावाचे नाव तिथे लिहून बसू नका. आणि त्याआधी संमतीपत्र काढून वाचा: तुम्ही लोकांना काय कबूल केले होते? ‘डेटा फक्त आमच्या चमूकडे राहील’ असे लिहिले असेल तर नैतिकता समितीकडे गेल्याशिवाय कुलूपबंद फाइलही चढवू नका.

दुर्मीळ वनस्पती किंवा प्राण्यांच्या नोंदी असतील तर नेमके अक्षांश-रेखांश ढोबळ करा. शिकारी आणि तस्करही वाचक असतात. जनुकीय क्रम या दोन्ही ठिकाणी नेऊ नका, त्यांच्यासाठी जेनबँक किंवा फरीदाबादचे इंडियन बायॉलॉजिकल डेटा सेंटर आहे.

जीवशास्त्राचा तक्ता आहे आणि शुल्क दुसरे कुणी भरते आहे, तर ड्रायड घ्या. बाकी बहुतेकांना झेनोडो पुरते. तिथे मसुदा असतानाच डीओआय राखून ठेवता येतो, म्हणजे तो निबंधात आधीच लिहिता येतो. फक्त निबंध छापून यायच्या आत ‘पब्लिश’ दाबा, नाहीतर तो डीओआय उघडणारच नाही.