बाइकसाठी बागेत शेड बांधून घेताना फसलो, तुम्ही फसू नका म्हणून सगळं सविस्तर लिहितोय

माझ्याकडे दोन बाइक आहेत, एक रोजची आणि एक जुनी टू-स्ट्रोक जी मी गेली काही वर्षं हळूहळू स्वतःच्या हाताने उभी करतोय. उघड्यावर कव्हर घालून काम करायचं म्हणजे पाऊस आला की पाने-पकडी गोळा करा, इंजिन उघडं असेल तर प्लास्टिक गुंडाळा, कंटाळा आला होता. म्हणून ठरवलं की घरामागच्या बागेत 4 मीटर बाय 3 मीटरची साधी पत्र्याची शेड करायची. मापही नीट विचार करून काढलं होतं, बाइक साधारण सव्वादोन मीटर लांब, हँडल 80 सेंटीमीटरच्या आसपास रुंद, दोन बाइक शेजारी आणि मधे बसून काम करायला दोन्ही बाजूंनी जागा, एका भिंतीला टेबल. हिशोब चुकला नाही, माणूस ओळखण्यात चुकलो.

तीन जणांकडून कोटेशन घेतलं, आणि जो सगळ्यात स्वस्त होता त्याला काम दिलं. बोलायला अतिशय गोड. मोबाइलमधे त्याने केलेल्या शेडचे फोटो दाखवले, पिशवीतून पत्र्याचा एक तुकडा काढून माझ्या हातात दिला, म्हणाला दादा वाकवून बघा. खरंच जाड होता, हाताने वाकेना. मग त्याने एका कागदावर लिहून दिलं: पत्रा हेवी, पाइप हेवी, कोबा हेवी, जाळीसकट (म्हणजे खालच्या काँक्रीटच्या जमिनीत लोखंडी जाळी घालून), दरवाजा, सगळं मिळून इतके. हा कागद मी आजही जपून ठेवलाय. त्यात "हेवी" हा शब्द तीन वेळा आहे आणि मिलिमीटरचा आकडा एकदाही नाही. माझं जे काही गेलं ते ह्या एका शब्दामुळे गेलं.

पैसे त्याने असे मागितले, 60 टक्के मटेरियलसाठी आधी, 30 टक्के सांगाडा उभा राहिल्यावर, 10 टक्के शेवटी. मला तेव्हा ठीक वाटलं, माणूस माल कुठून आणणार बिचारा. पण विचार करा, सांगाडा उभा राहिला म्हणजे 90 टक्के पैसे त्याच्या खिशात, आणि तोवर खालचा कोबा झाकला गेलेला असतो, पाइपची टोकं बंद झालेली असतात, म्हणजे जे तपासायला हवं ते दिसतच नाही.

कोबा त्यांनी नेमका मी कामावर गेलो त्या दिवशी टाकला. आदल्या रात्री फोन केला की उद्या फक्त जमीन साफ करणार, आणि संध्याकाळी येऊन बघतो तर वरून घोटून गुळगुळीत केलेला कोबा तयार. मी खूश झालो की काम भराभर चाललंय. कडेला फळी काढलेल्या जागी माप घेतलं तर बरोबर 100 मिलिमीटर. पण सिमेंटच्या रिकाम्या गोण्या कोपऱ्यात पडल्या होत्या, त्या चार होत्या. तेव्हा मी मोजल्या आणि विसरून गेलो. नंतर हिशोब केला तेव्हा घाम फुटला. 12 चौरस मीटर जागा, 100 मिलिमीटर जाडी म्हणजे 1.2 घनमीटर काँक्रीट, आणि 1:2:4 च्या (सिमेंट, वाळू, खडी) साध्या मिश्रणाला सुद्धा त्याला 50 किलोच्या साडेसात-आठ गोण्या लागतात. चार गोण्यांत ते होणारच नव्हतं, एकतर जाडी कमी नाहीतर सिमेंट कमी. माझ्याकडे जाडी कमी निघाली. ही गोण्या मोजायची गोष्ट कोणीही करू शकतो, त्याला इंजिनियर लागत नाही, म्हणून आवर्जून सांगतोय.

तिसऱ्याच दिवशी त्यावर खांब उभे केले. मी विचारलं इतक्या लवकर चालेल का, तर म्हणे दादा सिमेंट आता फास्ट सेटिंग येतं. काँक्रीटला पूर्ण ताकद यायला 28 दिवस धरतात आणि निदान पहिला आठवडा तरी ते ओलं ठेवायचं असतं. आमच्याकडे एकदाही पाणी मारलं गेलं नाही, मी मारायला गेलो तर तो म्हणाला खांबाला गंज चढेल.

शेड पूर्ण झाली, रंग मारला, लांबून छान दिसत होती. बायकोने सुद्धा कौतुक केलं. जुनी बाइक आत नेली, मागचं चाक पॅडॉक स्टँडवर उचललं, आणि दुसऱ्या दिवशी स्टँडच्या दोन पायांखाली कोबा खचलेला. बाइकचं वजन स्टँडच्या पायाखालच्या एवढ्याशा जागेवर येतं, पातळ कोबा ते सोसत नाही. छिन्नी घेऊन तेवढा भाग फोडला तर मधे जाडी जेमतेम 40 मिलिमीटर, खाली न चोपलेली मोकळी माती, ना खडी, ना प्लास्टिकचा कागद, आणि ज्या जाळीचे पैसे कागदावर लावले होते ती जाळी कुठेच नाही. कडेला फक्त मला दिसेल तेवढ्याच पट्ट्यात 100 ठेवलं होतं. हे चुकून होत नाही. कुणीतरी आधी ठरवून माती मधे फुगवून ठेवली होती.

मग मात्र मी एकेक गोष्ट तपासायला घेतली. उरलेला पत्र्याचा तुकडा हातोडीने ठोकून सपाट केला, बरोबर एक मीटर बाय अर्धा मीटर कापला आणि वजनकाट्यावर ठेवला. स्टीलचा एक चौरस मीटर पत्रा दर मिलिमीटर जाडीला 7.85 किलो भरतो, म्हणजे 0.5 मिलिमीटर असता तर माझा तुकडा 1.95 किलोच्या आसपास यायला हवा होता. आला 1.4 किलो. म्हणजे 0.35 चा पत्रा. हातात दिलेला तुकडा वेगळा, छपरावर चढलेला वेगळा. आणि रंगीत पत्रा घेताना अजून एक लक्षात ठेवा, व्हर्नियर किंवा मायक्रोमीटरने मोजली तर जस्त आणि रंग धरून जाडी येते, आतलं स्टील त्याहून पातळ असतं, तेव्हा विचारताना "रंग सोडून नुसता पत्रा किती" असंच विचारायचं.

पाइपचं तर अजून वाईट. खांबाच्या टोकाला टोप्या वेल्ड करून टाकल्या होत्या त्यामुळे पाइपच्या पत्र्याची जाडी दिसायचा मार्गच नाही. मी ड्रिलने एक भोक पाडलं, ड्रिल कागदात घुसावं तसं आत गेलं. 50 बाय 50 चा 2 मिलिमीटरचा चौकोनी पाइप ठरला होता (तोंडी, अर्थात तोंडी), भोकात मोजला तर 1.2. सहा मीटरची 2 मिलिमीटरची नळी साधारण 18 किलो भरते आणि 1.2 ची 11. टेम्पोतून उतरवताना एक पोरगा एका हाताने दोन-दोन नळ्या खांद्यावर टाकत होता ते माझ्या डोळ्यांसमोर आहे, तेव्हाच एक नळी उचलून बघितली असती तर...

सगळ्यात जास्त राग मला बोल्टचा येतो, कारण बाकी गोष्टींत पैसे गेले, इथे जीव जाऊ शकला असता. प्रत्येक बेस प्लेटला (खांबाच्या तळाची, कोब्यावर बसणारी लोखंडी प्लेट) चार भोकं, पण आत बसवलेले बोल्ट दोनच, बाकी दोन भोकांत नुसती डोकी कापून वरून चिकटवलेली आणि त्यावर रंग. जे दोन खरे होते त्यातला एक मी पान्याने अर्धा फिरवला आणि तो हातात आला, जेमतेम 30 मिलिमीटर आत होता, बाकीचा कापून टाकलेला. ताशी 100 किलोमीटरचा वारा दर चौरस मीटरला साधारण 47 किलो वजनाइतका दाब देतो. 12 चौरस मीटरचं छप्पर, त्यात दरवाजा उघडा राहिला आणि वारा आत शिरला तर छपराला वर उचलणारा जोर पाचशे किलोच्या वर जातो, आणि एवढ्या हलक्या शेडचं स्वतःचं वजन त्याच्या जवळपासही नाही. तिरके टेकू सुद्धा कुठे दिले नव्हते, हाताने ढकललं तर चौकट हलायची. माझा मुलगा त्या शेडमधे माझ्याबरोबर बसून अभ्यास करायचा.

फोन केला. पहिल्यांदा म्हणाला येतो. मग म्हणाला माणसांनी चूक केली असेल बघतो. मी वजनाचे आणि बोल्टचे फोटो पाठवले तेव्हा त्याचं उत्तर आलं, "दादा आमच्याकडे हेवी म्हणजे हेच असतं, कागदावर बघा काय लिहिलंय." आणि कागदावर खरंच तेवढंच लिहिलंय! त्यानंतर नंबर ब्लॉक. जाळीचे पैसे मात्र मी सोडले नाहीत, जाळी हा शब्द कागदावर स्पष्ट होता, फोडलेल्या कोब्याचे तारखेसकट फोटो होते, रीतसर तक्रार केल्यावर तेवढे परत मिळाले. शेवटचे 10 टक्के मी दिलेच नव्हते. पत्रा, पाइप आणि बोल्टसाठी काहीही करता आलं नाही.

दुरुस्ती मी स्वतः आणि एका मित्राने मिळून केली. आधी बोल्ट, भोकं खोल करून धूळ पूर्ण फुंकून काढून केमिकल अँकर (बोल्टला काँक्रीटमधे घट्ट चिकटवून धरणारं रसायन) भरले, प्रत्येक खांबाला चारही. मग कोपऱ्यांत तिरके टेकू. वेल्डिंगच्या जागी जस्त जळून गेलेलं असतं आणि त्यांनी वरून नुसता रंग फासला होता, तिथे आतून गंज सुरू झालेलाच होता, तो घासून झिंक प्रायमर लावला. कोबा पूर्ण काढणं परवडत नव्हतं म्हणून जिथे स्टँड लागतो तेवढाच दीड बाय अडीच मीटरचा भाग फोडून, माती चोपून, खडी टाकून, प्लास्टिक अंथरून, जाळी ठोकळ्यांवर उचलून 100 मिलिमीटरचा नवीन टाकला आणि दहा दिवस ओल्या पोत्यांखाली ठेवला.

हवेच्या झरोक्यांना पण तो शेडवाला नको म्हणाला होता, म्हणे पाऊस आत येईल. रात्री पत्रा आतल्या हवेपेक्षा गार होतो, आतला दमटपणा त्याला खालून चिकटतो आणि थेंब थेंब बाइकवर पडतो, महिन्याभरात माझी नवी चेन लाल झाली. आता वर आणि खाली दोन्हीकडे झरोके आहेत, खाली अशासाठी की पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते, आणि त्याच शेडमधे ग्राइंडरच्या ठिणग्या उडतात.

आता जे बांधणार आहेत त्यांनी एवढं करा. कागदावर पत्रा, पाइप, कोबा सगळ्याचं मिलिमीटरमधे माप लिहून घ्या, बोल्ट किती आणि किती खोल तेही. माल उतरला की वजन करा, नंतर नाही. कोबा टाकायच्या दिवशी सुट्टी घ्या, काँक्रीट पडण्याआधी दोन फळ्यांवर आडवी दोरी ताणून मधोमध जमिनीपर्यंत टेप लावा, कडेला लावून उपयोग नाही. आणि पैसे टप्प्याने देताना झाकलं जाण्याआधी डोळ्यांनी बघितलेल्या कामाचेच द्या.

मागच्या आठवड्यात एक अनोळखी गृहस्थ माझा पत्ता शोधत आले. त्यांना त्याच माणसाने कोटेशन दिलं होतं आणि नमुना म्हणून मोबाइलमधे माझ्याच शेडचा फोटो दाखवला होता, नवीन रंग मारलेल्या दिवशीचा. मी त्यांना आत नेलं, 40 मिलिमीटरच्या कोब्याचा फोडलेला तुकडा ठेवलाय तो दाखवला, कापलेला बोल्ट दाखवला, माझा कागद दाखवला. त्यांनी खिशातून त्यांचा कागद काढला. त्याच्यावरही तेच, पत्रा हेवी, पाइप हेवी. तिथेच उभं राहून त्यांनी त्याला फोन लावला आणि सांगितलं की हेवीच्या जागी आकडे लिहून द्या, माल वजन करून घेईन. तो म्हणाला उद्या कळवतो. अजून कळवलेलं नाही.