पॅडेल की पिकलबॉल? सोलापुरात राहून ठरवायचं तर

गेल्या वर्षभरात हा प्रश्न मला निदान दहा जणांनी विचारला असेल. विचारणारे सगळे एकाच वळणाचे. चाळिशी उलटलेले, कॉलेजात बॅडमिंटन नाहीतर टेबल टेनिस बऱ्यापैकी खेळलेले, मग वीस वर्षं दुकान नाहीतर ऑफिस, आणि आता रिपोर्टमधली साखर बघून डॉक्टरांनी "काहीतरी खेळा की हो" म्हणून पिटाळलेले.

दोन्ही नेटवरचेच खेळ. पिकलबॉल भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या चेंडूने खेळतात, आणि पॅडेल काचेच्या भिंतींच्या कोर्टात, टेनिससारख्या चेंडूने. मी दोन्ही खेळतो. पिकलबॉल आठवड्यातून तीनदा, इथेच. पॅडेल महिन्यातून दोनदा, टॉवेलच्या ऑर्डरींसाठी पुण्याला जातो तेव्हा. हिशेब मांडला तर महिन्याला बारा विरुद्ध दोन, म्हणजे निकाल लागल्यातच जमा. तरीही रॅकेट विकत घ्यायची वेळ आली तेव्हा चांगले पैसे मी पॅडेलच्या रॅकेटवर घातले. पिकलबॉलची पॅडल, म्हणजे त्या खेळाची बॅट, अजून तीच आहे, मित्राने वापरून टाकलेली, कडेला टेप गुंडाळलेली. असं का झालं ते सांगतो. तुमचे गुडघे आणि तुमचा वेळ माझ्यासारखे नसतील, तेव्हा मीठ तुमच्या अंदाजाने घाला.

पिकलबॉलच्या बाजूची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तो सोलापुरात मांडता येतो. कोर्ट बॅडमिंटनच्या डबल्सएवढंच, ४४ बाय २० फूट. नेट तेवढं वेगळं लागतं, कारण बॅडमिंटनचं पाच फुटांवर आणि याचं मध्यभागी ३४ इंच. आम्ही सहा जणांनी वर्गणी काढून घडीचं नेट घेतलं. ते माझ्या गाडीच्या डिकीत असतं, त्यामुळे मी आलो नाही तर कुणालाच खेळता येत नाही, आणि हा मान मला आयुष्यात दुसरीकडे कुठे मिळालेला नाही.

शिकायलाही सोपा. पहिल्या संध्याकाळीच रॅली लागते. आमच्यात एक अण्णा आहेत, बासष्ट वर्षांचे. हातात रॅकेट त्यांनी पहिल्यांदा गेल्या दिवाळीनंतर धरली आणि संक्रांतीपर्यंत ते मला हरवायला लागले. नेटपासून सात फुटांची पट्टी, जिला किचन म्हणतात, तिच्यात उभं राहून चेंडू हवेतल्या हवेत मारायचा नाही, हा एक नियम सोडला तर डोक्याला फार ताप नाही. ताप आहे तो रेषेचा. बॅडमिंटनची पुढची सर्व्हिस लाइन नेटपासून साडेसहा फुटांवर असते आणि किचन सात फुटांचं. मधलं ते अर्धा फूट आमच्याकडे शेताच्या बांधासारखं झालंय. पाय आत होता, बाहेर होता, तुझा होता, माझा नव्हता. शेवटी निळी चिकटपट्टी मारली, तर दुसऱ्या दिवशी झाडणाऱ्या मावशींनी ती कचरा समजून सोलून काढली. त्यात गुण मोजायचे तीन आकड्यांत, सुरुवातच "शून्य-शून्य-दोन" अशी. तिसरा आकडा गुणांचा नसून सर्व्हिस करणाऱ्याचा आहे हे कळायला मला दोन आठवडे लागले.

पण या सगळ्यावर हसता येतं. ज्यावर मला हसता आलं नाही ती गोष्ट वेगळीच आहे, आणि ती अगदी क्षुल्लक वाटेल. चेंडू आणायला जाणं.

बॅडमिंटन हॉलमध्ये सकाळी सहा ते नऊचे स्लॉट शटलवाल्यांनी वर्षानुवर्षं धरून ठेवलेत. ते चूक नाही, त्यांचा हक्क आहे. मग आम्ही आलो सोसायटीच्या मागच्या सिमेंटच्या मोकळ्या जागेत. पिकलबॉलचा चेंडू म्हणजे भोकं पाडलेलं पोकळ प्लास्टिक, वजन पंचवीस ग्रॅमच्या आसपास. बाहेर खेळायच्या चेंडूला भोकं चाळीस असतात, आतल्याला सव्वीस, कारण बाहेर वारं असतं. पण सोलापूरचं वारं या चाळीस भोकांना विचारत नाही. मार्चनंतर संध्याकाळी वारं सुटलं की मारलेला चेंडू कुठे पडेल ते देवाला ठाऊक, आणि पडल्यावर तो थांबत तर नाहीच. टाकीखाली, ॲक्टिव्हाच्या मागे, गेटच्या फटीतून थेट रस्त्यावर. एकदा वैतागून मी मनातल्या मनात मोजायला घेतलं. तासाभरात चाळिसाव्या वाकण्याला मोजणं सोडलं. घरी आल्यावर बायको म्हणाली, "एवढं वाकून घरातली फरशी पुसली असती तरी साखर उतरली असती."

खरं दुखणं वाकण्याचं कमी आणि खेळ तुटण्याचं जास्त. दोन फटके, मग एक जण चालत जातो, बाकीचे तिघे कमरेवर हात ठेवून उभे. तेवढ्यात कुणाचा तरी फोन वाजतो. परत आल्यावर "किती झालं होतं?" यावर पुन्हा चर्चा. अण्णांना हे चालतं, उलट त्यांना गप्पांना वेळ मिळतो. मला चालत नाही. हा स्वभावाचा भाग आहे, खेळाचा दोष म्हणता येणार नाही.

पॅडेल पहिल्यांदा खेळलो ते भाच्याच्या आग्रहाने. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याला गेलो होतो, कामं दुपारी दोनलाच आटोपली आणि परतीची गाडी संध्याकाळी. तो म्हणाला, "मामा, साडेतीनचा स्लॉट रिकामा आहे, दुपारी स्वस्त पडतो." गेलो. काचेचा पिंजरा, २० मीटर लांब, १० मीटर रुंद, खाली वाळू पसरलेली हिरवी टर्फ. पहिली पंधरा मिनिटं माझी फजिती झाली. चेंडू मागच्या काचेवर आपटून परत यायचा आणि मी पाठ वळवायच्या आत दुसऱ्या बाजूने पुढे निघून जायचा. काच आणि जाळी मिळून मागची भिंत चार मीटर उंच, त्यामुळे आपण चुकलो तरी चेंडू कुठेही पळून जात नाही. तासाच्या शेवटी पाणी पिताना माझ्या लक्षात आलं की आज मी एकदाही चेंडू आणायला गेलो नाही. तो आपोआप पायाशी येऊन थांबत होता.

हा खेळ १९६९ मध्ये मेक्सिकोतल्या अकापुल्कोला एन्रिके कोर्कुएरा यांनी घरच्या आवारात सुरू केला. टेनिस कोर्टाला जागा पुरेना म्हणून लहान कोर्ट करून त्याला भिंती घातल्या, असं सांगतात. मला आपलं वाटतं, त्यांनाही चेंडू आणायचा कंटाळा असावा.

भिंतीचा दुसरा फायदा वयाचा. टेनिसमध्ये चेंडू अंगावरून गेला की गेला. इथे जाऊ द्यायचा, काचेवरून परत आला की मारायचा. म्हणजे धावण्यापेक्षा थांबायला शिकावं लागतं आणि माझ्या गुडघ्यांना थांबणं मानवतं. सर्व्हिस दोन्ही खेळांत खालूनच, त्यामुळे इथला हात तिकडे उपयोगी पडतो. फक्त पिकलबॉलची एक सवय नडते. किचनच्या धाकाने मी पॅडेलमध्येही नेटपासून लांब उभा राहतो आणि पॅडेल जिंकतात नेटजवळचे. पुण्याची पोरं मागून ओरडतात, "काका, पुढे! पुढे!"

आता रॅकेट. इथे मी स्वतः आपटलोय म्हणून जरा सविस्तर सांगतो. पॅडेलच्या रॅकेटला तारा नसतात. भोकांचा जाड फळा असतो, जाडी नियमाने ३८ मिलिमीटरपर्यंत, आत फोम. आकार तीन: गोल, थेंबासारखा आणि हिऱ्यासारखा. दुकानात हिरा सगळ्यात देखणा दिसतो. काळा कार्बन, सोनेरी रेघा. मी तोच उचलला. त्याचं वजन टोकाकडे असतं, फटका जोरात बसतो, पण बरोबर मध्यावर बसला तर. माझा दहातला एक बसायचा, बाकीचे नऊ कोपरात जाणवायचे. दीड महिन्यात चहाचा कप डाव्या हाताने उचलायला लागलो. ती रॅकेट भाच्याला दिली आणि गोल घेतली, फायबरग्लासची, आतला फोम मऊ, ३५५ ग्रॅमची. जोर कमी, पण चेंडू जिथे पाठवायचा तिथे जातो. सुरुवातीला गोलच घ्या. ३६५ ग्रॅमच्या वर जाऊ नका असं मी सांगेन, पण मनगट तुमचं आहे. बुलपॅडेल, नॉक्स, हेड अशी नावं दिसतील. डेकॅथलॉनची स्वतःची कुइक्मा नावाची मालिका आहे आणि शिकाऊ माणसाला त्यातली साधी रॅकेट पुरेशी होते. मनगटात दोरी अडकवणं नियमानेच सक्तीचं आहे. घाम आला की रॅकेट काचेऐवजी जोडीदारावर जाते, तेव्हा तो नियम पटतो.

एक सोलापुरी सूचना. रॅकेट गाडीत ठेवू नका. मे महिन्यात होटगी रोडला दुपारभर गाडी उन्हात उभी होती आणि रॅकेट मागच्या सीटवर. त्यानंतर तिचा आवाजच बदलला, टणकपणा गेला, फटका ओल्या गादीवर मारल्यासारखा. आतला फोम उष्णतेने मऊ पडतो. पिकलबॉलच्या पॅडलला ऊन फार जाणवलं नाही, पण तिचे चेंडू तडकतात. म्हणजे खर्च इकडून नाहीतर तिकडून.

बूट रनिंगचे नकोत. टर्फवर वाळू असते, रनिंगच्या तळव्याला तिथे पकड मिळत नाही आणि घोटा वळतो. क्ले, म्हणजे मातीच्या कोर्टावरच्या, टेनिसच्या बुटांसारखी नागमोडी रेघांची तळवी बघा. चेंडू दिसायला टेनिसचाच, आत हवेचा दाब थोडा कमी. डबा फोडताना फुस्स होतं, मग काही दिवसांत चेंडू मवाळ पडतात. उन्हात मात्र तेच चेंडू जास्त उसळतात, हे एप्रिलमध्ये लक्षात ठेवायला हवं.

पैशाचं बोलायचं तर पिकलबॉल सरळ सरळ स्वस्त आहे. आमचा नेटसकट सगळा खटाटोप डोकी दीड हजारात झाला. माझी गोल रॅकेट सहा हजारांच्या आसपास गेली. कोर्टाचं भाडं चौघांत वाटून मला दुपारच्या स्लॉटला साधारण तीन-साडेतीनशे पडतं, संध्याकाळी त्याहून बरंच जास्त. पुण्याचं तिकीट मी धंद्यात धरतो, ते इथे मोजू नका.

प्लेओसारख्या ॲपवर कोर्ट बुक होतात, आणि एकटे असाल तर कुणाच्या तरी अपुऱ्या गटात घुसताही येतं. बुक करण्यापूर्वी दोन गोष्टी विचारा. वर छत आहे का, कारण काच ओली झाली की चेंडू उसळण्याऐवजी घसरतो आणि पावसाळ्यात तो तास वाया जातो. आणि पहिल्यांदा येणाऱ्याला रॅकेट भाड्याने मिळते का. पहिले तीन-चार वेळा भाड्याचीच वापरा, म्हणजे माझ्यासारखा हिरा गळ्यात पडणार नाही. सोलापुरात बॉक्स क्रिकेटच्या टर्फ चालवणारे ओळखीचे असतील तर त्यांच्या कानावरही घालत राहा. २० बाय १० मीटर ही जागा त्यांना मोठी नाही. मी दोघांना सांगून ठेवलंय. एकाने विचारलं, "मालक, काच फुटली तर?" ती टफन्ड असते हे सांगितलं, तरी त्याचा चेहरा काही खुलला नाही.

पुण्याला जाणंच होत नसेल तर पिकलबॉल घ्या, विचार करू नका. घरात बसण्यापेक्षा ॲक्टिव्हाखाली वाकलेलं परवडलं. घरातल्या सगळ्यांना एकत्र खेळवायचं असेल तरी तोच बरा. माझी पुतणी आणि अण्णा एका बाजूला असतात तेव्हा बघायला मजा येते. पॅडेलला चार माणसं लागतातच, आणि चौथा ऐनवेळी "गेस्ट आलेत" म्हणतो, हा अनुभव पुण्यातही येतो. पण महिन्यातून एकदा जरी पुण्याची फेरी होत असेल, तर एक तास काढून त्या पिंजऱ्यात उभे राहून बघा, आणि मग इथे येऊन वाऱ्यात चेंडूमागे गेटपर्यंत चालत जा.

माझी पुढची फेरी येत्या मंगळवारी आहे. साडेतीनचा स्लॉट घेतलाय, भाचा, त्याचा रूममेट आणि मी. चौथा अजून नाही. अण्णांना विचारलं, तर म्हणाले, "येतो की. पण त्या काचेत गप्पा मारायला वेळ मिळतो का?"