खंडवा रोडवरच्या रोपवाटिकेची ठोंब वेगळे करून देण्याची सेवा

इंदूरमध्ये घरी येऊन कुंड्या बदलून देणारे माळी पुष्कळ आहेत. परंतु दाटलेल्या ठोंबांना केव्हा हात लावावा आणि केव्हा लावू नये, हे पाहून मगच काम घेणारे विरळा. खंडवा रोडवरील ज्या रोपवाटिकेकडून आम्ही कर्दळ, डे लिली आणि पीस लिली यांचे फुटवे वेगळे करून घेतले, तिचा मोठा गुण हाच. एप्रिलमध्ये चौकशी केली, तेव्हा या उन्हात मुळे उघडी पडली तर फुटवे धरणार नाहीत, असे सांगून त्यांनी काम पावसाळ्याच्या तोंडावर नेले.

आमच्या वहिनींना सावलीच्या कोपऱ्यासाठी होस्टा हवा होता. जपान, कोरिया, चीनकडचे हे झाड थंड प्रदेशात वसंताच्या आरंभी, टोकदार कोंब जमिनीबाहेर आले पण पाने उलगडली नाहीत, अशा वेळी विभागतात, किंवा उन्हाळा सरताना, हिमकडाका सुरू होण्यापूर्वी मुळे रुजायला काही आठवडे मिळतील अशा बेताने. मात्र त्याला हिवाळ्यात कित्येक आठवड्यांची कडक थंडी आणि विश्रांती लागते, आणि जानेवारीतही रात्रीचा पारा सरासरी दहा अंशांच्या आसपास असणाऱ्या इंदुरात ती मिळत नाही. हे त्यांनी स्पष्ट सांगून कॅलेडियम सुचवले. विक्रेत्याने गिऱ्हाइकाला नको म्हणणे आजकाल दुर्मिळच!

प्रत्यक्ष काम नीटस होते. ठरलेल्या दिवशी आदल्या रात्रीच्या पावसाने माळव्याची काळी माती चिकट झाली होती, म्हणून ती थोडी वाळेपर्यंत त्यांनी खणणे पुढे ढकलले. ओल्या काळ्या मातीत पहार चालवली की ढेकळे घट्ट बसतात आणि मुळांना हवा मिळत नाही. कर्दळीचा ठोंब भोवतीने लांबून खणून सबंध उचलला, कुजका भाग टाकून दिला आणि प्रत्येक तुकड्यावर दोन-तीन डोळे राहतील असे कंद स्वच्छ सुरीने कापले. डे लिलीचे फुटवे मात्र हातानेच, मुळांसकट सोडवले. नव्या मुळांवर पाण्याचा भार येऊ नये म्हणून पाने निम्मी छाटली, खड्ड्यात कुजलेले शेणखत मिसळले आणि फुटवे पूर्वीइतक्याच खोलीवर लावले.

दोन गोष्टी खटकल्या. पीस लिलीच्या लहान फुटव्यांना त्यांनी फार मोठ्या कुंड्या दिल्या. एवढ्या मातीत पाणी साचून राहते आणि कोवळी मुळे कुजतात, म्हणून त्या आम्ही नंतर बदलल्या. दुसरे, आकारणी ठोंबामागे असूनही उरलेले फुटवे ते स्वतःकडे नेतात आणि हे आधी सांगत नाहीत. त्यामुळे बोलणी करतानाच उरलेले फुटवे कोणाचे, हे ठरवून घ्यावे, आणि जूनमध्ये त्यांच्याकडे गर्दी असल्याने मे महिन्यातच नाव नोंदवावे.