बस्ता नाशिकचा, पैठणी मात्र येवल्याची

माझे लग्न मार्गशीर्षात आहे. त्याचा बस्ता आम्ही नवरात्रात, नाशिकच्या मेन रोडलगतच्या एका जुन्या, तीन मजली कापड दुकानातून काढला. पितृपक्षात लग्नाचे कापड घ्यायचे नाही, असा आमच्या दोन्ही घरांचा दंडक आहे. तुळशीच्या लग्नानंतरचे मुहूर्त धरणारी बहुतेक घरे तो पाळतात, त्यामुळे घटस्थापना ते दसरा या दिवसांत अशा दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. आम्ही सकाळी साडेदहाला आत शिरलो आणि संध्याकाळी सात वाजता बाहेर पडलो. दुकानाचे नाव देत नाही, कारण मला ज्या गोष्टी खटकल्या त्या या एकाच दुकानाच्या नाहीत, हे शेजारच्या दोन दुकानांत चौकशी केल्यावर कळले.

आमच्याकडून आजी, आई, बाबा, काकू, आत्या, मामी आणि मी असे सात जण होतो; त्यांच्याकडून होणाऱ्या सासूबाई, सासरे, नणंद, चुलत सासूबाई आणि त्यांच्या मावशी असे पाच. नवरदेवाला रजा मिळाली नाही, आणि खरे सांगायचे तर त्याची अनुपस्थिती कोणाला फारशी जाणवलीही नाही. बारा माणसांना एकाच वेळी बसवून, पाणी विचारून, प्रत्येकाचा मान राखून साड्या दाखवणे हे सोपे काम नव्हे, आणि या एका बाबतीत दुकानाचे कौतुक हातचे राखून करण्याचे कारण नाही. पहिल्या मजल्यावरच्या लांबलचक गादीवर आम्हाला बसवले गेले. आमच्या वाट्याला आलेले सेल्समन साठीच्या घरातले होते. त्यांनी एकही साडी उघडण्यापूर्वी आईला विचारले, “मानाच्या किती, आहेराच्या किती आणि नवरीच्या किती? यादी असेल तर आधी वाचून दाखवा, म्हणजे मला अंदाज येईल.” यादी होती. आहेराच्या ३८, मानाच्या ११, पुरुषांचे शर्टपीस-पँटपीस १५ आणि टॉवेल-टोपीचे ४० जोड, ही आमची बाजू. त्यांची यादी वेगळी आणि बिलही वेगळे.

ज्यांच्या घरात यादी झालेली नाही त्यांनी या दुकानात जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शेजारच्या गादीवर बसलेल्या कुटुंबाने नावे आठवत आठवत साड्या काढल्या आणि दुपारपर्यंत त्यांच्या ढिगातून कोणती साडी कोणाची हे कोणालाच सांगता येईना. आमच्या सेल्समनने मात्र प्रत्येक साडीला चिठ्ठी टाचली, तिच्यावर नाते लिहिले आणि मानाच्या साड्यांचा गठ्ठा वेगळा बांधला. मला दोन आत्या आहेत. एक आली होती, दुसरी सोलापूरला. सेल्समननी दोघींसाठी एकाच डिझाईन नंबरच्या, एकाच किमतीच्या, पण वेगळ्या रंगांच्या साड्या काढल्या आणि कोणी न विचारताच म्हणाले, “दोघी शेजारी बसल्या तरी कमीजास्त दिसायला नको.” घरातली कितीतरी भांडणे या एका वाक्याने टळली असतील. पहिल्यांदा त्यांनी मधल्या किमतीचा माल दाखवला. गिऱ्हाईक वर जाते की खाली, हे पाहून पुढचे गठ्ठे मागवले. प्रत्येक उघडलेली साडी आधी विहीणबाईंसमोर आणि मग आईसमोर पसरायची, हा क्रम त्यांनी सात तासांत एकदाही चुकवला नाही. सासूबाईंनी नंतर गाडीत बसताना त्याचा उल्लेख केला, म्हणजे तो त्यांच्याही ध्यानात आला होता.

आहेराच्या साड्यांवर छापील किंमत ६०० रुपये होती आणि बस्त्याची सूट वीस टक्के, म्हणजे साडी ४८० ला पडली. जेवणाच्या वेळी काकू आणि मी बाहेर पडलो आणि समोरच्या दुकानात त्याच कंपनीची, त्याच नंबरची साडी कोणत्याही सुटीशिवाय ४८० ला लावलेली पाहिली. म्हणून सुटीच्या पाटीकडे पाहून कोणी हुरळून जाऊ नये, हाती पडणाऱ्या किमतीकडे पाहावे. ४८० ही किंमत त्या साडीसाठी वाजवी होती, एवढेच म्हणता येईल. मानाच्या साड्या १,८०० ते ३,००० च्या दरम्यान घेतल्या आणि त्यांचा पोत, रंग, काठाची जर या सगळ्यांबद्दल समाधान आहे. एक लाखाच्या वरच्या बिलावर नवरीला एक साडी भेट मिळते. ती भेट मी आमच्या स्वयंपाकाच्या मावशींना देणार आहे, यावरून तिच्याविषयीचे माझे मत समजावे.

नवरीच्या साड्यांची वेळ आली तेव्हा आम्हाला तिसऱ्या मजल्यावर नेले गेले. येथे आरसे मोठे आहेत, गाद्या मऊ आहेत आणि दिवे पिवळे आहेत. हे पिवळे दिवे ही माझी पहिली मोठी तक्रार. शालू सासरकडून यायचा, म्हणून त्याची निवड सासूबाईंनी करायची हे सर्वांना मान्य होते, पण त्यांच्या मनात मरून, आईच्या मनात हिरवा आणि माझ्या मनात मोरपंखी होता. एक मुलगी माझ्या खांद्यावर एकामागून एक शालू टाकत होती, मी आरशासमोर उभी होते आणि माझ्यामागे बसलेल्या नऊ बायका माझ्या रंगाविषयी, उंचीविषयी आणि दंडांविषयी मोकळेपणाने बोलत होत्या. या सगळ्यात मला कोणी काही विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही. शेवटी आजी म्हणाली, “अगं, तिला एकदा उजेडात जाऊ दे.” जिन्याच्या खिडकीशी गेल्यावर वर राणी रंगाचा वाटणारा शालू चक्क वांगी निघाला आणि ज्याला सगळ्यांनी भडक म्हणून बाजूला सारले होते तो मोरपंखी शांत, खोल आणि देखणा दिसला. सासूबाई माझ्या मागोमाग खिडकीपर्यंत आल्या होत्या. त्यांनी दोन्ही पदर हातात धरून पाहिले आणि म्हणाल्या, “हाच घेऊ. माझ्या लग्नात मला कोणी खिडकीपर्यंत येऊ दिलं नव्हतं.” एवढ्या मोठ्या दुकानाला नवरीच्या विभागात एक दिवसाच्या उजेडाची खोली करता येऊ नये, हे मला पटत नाही. शालू १४,२०० ला पडला.

मामाकडून येणाऱ्या अष्टपुत्रीसाठी मात्र पुन्हा दुकानाला पूर्ण गुण. गौरीहर पुजताना नवरीने नेसायची ही पिवळी साडी आजकाल कृत्रिम रेशमाची, टिकल्या लावलेली अशी मिळते आणि तिसऱ्या मजल्यावर तशाच वीसेक साड्या होत्या. आजीला सुती हवी होती. गौरीहरापाशी बसलेल्या मुलीला दिव्याचा धूर सोसायचा असतो, तेथे अंगाला टोचणारे कापड कशाला, हे तिचे म्हणणे. त्या साठीच्या सेल्समननी तळमजल्याच्या गोदामात माणूस पाठवला आणि अर्ध्या तासाने हळदीच्या रंगाची, लाल काठाची साधी सुती साडी आली. किंमत ७५० रुपये. मामीचा चेहरा थोडा उतरला, कारण तिने पाच हजारांची तयारी ठेवली होती; त्यावर आजीने उरलेल्या पैशांचे चांदीचे करंडे सुचवले आणि विषय मिटला.

आता पैठणीविषयी, जिच्यामुळे हे सगळे लिहायला बसले. तिसऱ्या मजल्यावरच्या दुसऱ्या, तरुण सेल्समनने ‘ओरिजिनल येवला पैठणी’ म्हणून ११,८०० ची एक जांभळी पैठणी दाखवली. काठ हिरवा, पदरावर मोर, सोबत रेशमाच्या शुद्धतेची सिल्क मार्कची होलोग्राम असलेली चिठ्ठी. सर्वांना ती आवडली. आजीचे माहेर येवला तालुक्यातले. तिने साडी हातात घेतली, पदर उलटा केला आणि कोणाशी काही न बोलता घडी घालून परत दिली. पदराच्या पाठीवर मोराच्या भोवती कापलेल्या धाग्यांची दाट लव दिसत होती. हातमागावरच्या अस्सल पैठणीत पदरावरची नक्षी छोट्या तिल्ल्यांवर, म्हणजे रिळांवर, गुंडाळलेल्या रंगीत रेशमाने, ताण्याचे (उभे) धागे मोजत, हाताने भरली जाते. प्रत्येक रंग आपल्या जागेपुरताच फिरतो आणि शेजारच्या रंगात अडकून परततो, म्हणून पदराची पाठ जवळपास तोंडासारखीच दिसते. यंत्रावर नक्षी काढताना रंगाचे धागे पाठीमागून लांबवर धावतात आणि मग ते कापावे लागतात. आम्हाला दिसली ती लव ही त्याच कापलेल्या धाग्यांची.

तरुण सेल्समनने पुन्हा पुन्हा सिल्क मार्कची चिठ्ठी दाखवली आणि येथेच गिऱ्हाईक फसते. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने आलेली ती खूण कापड शुद्ध रेशमाचे आहे एवढेच सांगते. ते हाताने विणले की यंत्रावर, याविषयी ती काहीही सांगत नाही. हातमागासाठी हँडलूम मार्क ही वेगळी खूण २००६ पासून आहे, आणि पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. आमच्या समोरची साडी रेशमाची होती, त्यात खोटे काही नव्हते. खोटे होते ते ‘ओरिजिनल येवला’ हे दोन शब्द आणि त्यांच्यासाठी लावलेली किंमत. यंत्रावरची पैठणी कोणी आवडीने घेत असेल तर त्यात कमीपणा काही नाही. माझ्या मैत्रिणीने साडेतीन हजारांची घेतली आणि ती तिला छान दिसते. पण विकताना ती यंत्रावरची आहे हे सांगावे, एवढी अपेक्षा ठेवायला हरकत नसावी. बाबांनी हे काउंटरवर शांतपणे सांगितले तेव्हा उत्तर मिळाले, “साहेब, सगळे असंच म्हणून विकतात.”

पुढच्या रविवारी आजी, आई, सासूबाई आणि मी निफाड-विंचूरमार्गे येवल्याला गेलो. नाशिकपासून हे अंतर ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर आहे, सकाळी निघून संध्याकाळी परत येता येते. येथेही मोठ्या रस्त्यावरच्या शोरूममध्ये यंत्राचा माल मुबलक आहे, त्यामुळे येवल्यात घेतली म्हणजे अस्सल, असे समजू नये. आजीच्या ओळखीतल्या विणकरांच्या घरी पुढच्याच खोलीत माग होता आणि त्यावर अर्धा पदर विणून झालेला होता. रेशीम बेंगळुरूचे, जर सुरतेची, हे त्यांनी आपण होऊन सांगितले. लाल ताणा आणि हिरवा बाणा (आडवे धागे) घेतल्यामुळे हलवली की रंग बदलणारी, बारीक मुनिया (पोपटांच्या) काठाची, पदरावर आसावलीची वेल असलेली पैठणी आम्ही १६,५०० ला घेतली. मोराचा भरगच्च पदर हवा असता तर किंमत दुपटीच्या वर गेली असती आणि विणायला काही महिने लागले असते, म्हणजे ती मला लग्नात नेसता आली नसती. हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांतच सांगितले. ज्यांना आपल्या पसंतीचा रंग आणि पदर विणून हवा आहे त्यांनी साखरपुडा झाल्याबरोबर येवला गाठावे. घासाघीस आम्ही केली नाही. सासूबाईंनी केवळ पदर उलटा करून पाहिला आणि आजीकडे बघून हसल्या.

नाशिकच्या दुकानाच्या आणखी दोन-तीन बाबी नोंदवायच्या राहिल्या. जेवणाची सोय चांगली होती, पण कूपन घेऊन रांगेत उभे राहावे लागले, आणि पंच्याहत्तर वर्षांच्या आजीला त्या रांगेतून कोणी सूट दिली नाही. लिफ्ट आहे, ती तीनच माणसे नेते. घरी आल्यावर गठ्ठे सोडले तर आहेराच्या ३८ ऐवजी ३६ साड्या निघाल्या, मानाच्या एका साडीवर घडीत तेलाचा डाग होता आणि दोन साड्यांचे ब्लाऊजपीस इतके आखूड होते की शिंपीणबाईंनी लांब बाही होणार नाही म्हणून सांगितले. निघण्यापूर्वी, कितीही थकवा असला तरी, चिठ्ठ्यांवरून प्रत्येक साडी मोजून घ्यावी आणि निदान मानाच्या साड्या पूर्ण उघडून पाहाव्यात. फोन केल्यावर दुकानाने वाद न घालता कमी पडलेल्या दोन साड्या दुसऱ्या दिवशी माणसाबरोबर घरी पाठवल्या, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवे. पावतीवर तीस दिवसांत बदलून मिळेल, पैसे परत मिळणार नाहीत आणि फॉल-पिको केलेली साडी बदलली जाणार नाही, असे बारीक अक्षरात छापले आहे. म्हणून बदलायच्या तीन साड्यांना आम्ही अजून फॉल लावलेला नाही.

त्या घेऊन मंगळवारी मी आणि सासूबाई दोघीच जाणार आहोत. ते साठीचे सेल्समन दुपारी दोननंतर पहिल्या मजल्यावर असतात, असे फोनवर विचारून ठेवले आहे.