एसिटॅलोप्रॅम आणि सीबीटी : नऊ महिन्यांनंतर

छातीत धडधड, बोटांना मुंग्या आणि आता आपले काही खरे नाही अशी खात्री, या झटक्यांपायी मी दोनदा हृदयाची तपासणी करून घेतली. दोन्ही वेळा अहवाल नॉर्मल आले, तेव्हा कुठे मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. तिथे भरून घेतलेल्या, चिंतेची तीव्रता मोजणाऱ्या जीएडी-७ या सात प्रश्नांच्या प्रश्नावलीत २१ पैकी माझे गुण १६ आले.

एसिटॅलोप्रॅम या चिंता आणि नैराश्यावरील औषधाची गोळी ५ मिलिग्रॅमपासून सुरू झाली आणि आठवडाभराने १० वर गेली. पहिले दहा-बारा दिवस मळमळ होती, झोप उडाली होती आणि चिंता उलट वाढली होती. सुरुवातीला असे होऊ शकते हे डॉक्टरांनी आधीच बजावले नसते, तर मी गोळ्या सरळ फेकून दिल्या असत्या. फरक पाचव्या आठवड्यात पडला आणि तो माझ्याआधी घरच्यांना कळला. मधल्या काळासाठी क्लोनाझेपाम हे चिंता चटकन शमवणारे औषध अगदी मोजक्या दिवसांपुरते दिले होते. त्याने तासाभरात हायसे वाटते, आणि सवय लागते तीही त्यामुळेच.

गोळीने धडधड कमी केली, पण धडधडीची भीती घालवली ती सीबीटीने, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचाराने. झटक्यासारखी लक्षणे मुद्दाम आणून त्यांची भीती मोडायची म्हणून नाक चिमटीत धरून बारीक स्ट्रॉमधून मिनिटभर श्वास घ्यायचा, गुदमरल्यासारखे वाटू लागले तरी थांबायचे नाही आणि भीतीला शंभरपैकी गुण द्यायचे, हा प्रकार मला आधी पोरकट वाटला. पहिल्या वेळी मी ८० लिहिले, त्याच बैठकीत पाचव्या वेळी ३५. मनगटावर बोट ठेवून नाडी मोजण्याची माझी सवय हीसुद्धा भीतीला खतपाणी घालते, हेही तिथेच उमगले. चौदा बैठका झाल्या. दर आठवड्याचा गृहपाठ मात्र कंटाळवाणाच होता.

तक्रार एकच. कामेच्छा मंदावते हे मला कोणी आधी सांगितले नाही. मी विचारल्यावर, संकोचत, उत्तर मिळाले. शिवाय एकदा प्रवासात तीन दिवस गोळी राहिली, तर गरगरू लागले आणि डोक्यात विजेचा झटका बसावा तसे होऊ लागले; त्यामुळे मनाने बंद करण्याच्या फंदात मी पडणार नाही. बरे वाटू लागल्यावरही ती बरेच महिने घ्यायची असते आणि पुढे डोस टप्प्याटप्प्याने उतरवायचा असतो.

सध्या जीएडी-७ चे गुण ५ आहेत. गेल्या आठवड्यात लिफ्ट मध्येच अडकली, तेव्हा बोट आपसूक मनगटाकडे गेले. ते मी काढून घेतले आणि दार उघडेपर्यंत धडधड चालू दिली.