उसना शब्द की घरचा शब्द : इंग्रजी स्लँग रशियनमध्ये नेताना

इंग्रजी संवादांचा रशियन अनुवाद करताना स्लँगचा शब्द समोर आला की अनुवादकापुढे दोन वाटा असतात. तो शब्द रशियन लिपीत लिहून, त्याला रशियन प्रत्यय लावून तसाच पुढे पाठवणे ही एक, आणि रशियन माणसाच्या तोंडी आधीपासून असलेला, त्याच मनःस्थितीचा शब्द शोधणे ही दुसरी. सरळ प्रमाणभाषेतला शब्द वापरून मोकळे होण्याची तिसरी वाटही आहे, पण तिच्यात बोलणाऱ्याचे वय आणि स्वभाव दोन्ही पुसले जातात, म्हणून ती मी येथे विचारात घेत नाही. मी संगणकावरील खेळांच्या संवादांचे काम करतो. पहिली काही वर्षे मी उसन्या शब्दांच्या वाटेने गेलो आणि आता बहुतेक वेळा घरच्या शब्दांकडे वळतो. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी रशियन शिकून या कामाला लागणाऱ्यांना हीच निवड पहिल्या आठवड्यात करावी लागते.

उसन्या शब्दाची बाजू दुबळी नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. आजचे रशियन तरुण स्वतःच ‘क्रिंझ’, ‘वाइब’, ‘खाइप’ (इंग्रजी ‘क्रिंज’, ‘व्हाइब’, ‘हाइप’) हे शब्द सहज बोलतात, त्यामुळे सोळा वर्षांच्या पात्राच्या तोंडी ते ओढूनताणून आणल्यासारखे वाटत नाहीत. रशियन भाषेची पचनशक्तीही मोठी आहे. ‘चिल’ या शब्दाला क्रियापदाचा प्रत्यय लागून ‘चिलित’ होते आणि ‘क्रिंझ’पासून ‘क्रिंझोवी’ हे विशेषण तयार होते, ज्याची रूपे मग लिंग, वचन आणि विभक्तीनुसार निमूटपणे चालतात. खेळांच्या कामात आणखी एक सोय होते. रशियन क्रियापदाचे भूतकाळी रूप बोलणारा पुरुष आहे की स्त्री हे उघड करते, आणि खेळणाऱ्याने कोणते पात्र निवडले आहे हे अनुवादकाला माहीत नसते. ‘मी तिच्यावर भाळलो’ की ‘भाळले’ हा पेच ‘माझ्याकडे क्राश आहे’ अशा धर्तीच्या नामयुक्त वाक्याने सुटतो.

अर्थात याच ‘क्राश’ शब्दाची दुसरी बाजूही आहे. व्यंजनान्त असल्यामुळे तो रशियनमध्ये पुल्लिंगी ठरतो, आणि मुलीविषयी बोलताना ‘माझा क्राश’ म्हणावे की ‘माझी क्राश’ यावर बोलणाऱ्यांचे आजही एकमत नाही. शिवाय ‘मनात भरलेली व्यक्ती’ आणि ‘अपघात’ या अर्थांचे ‘क्रश’ आणि ‘क्रॅश’ हे दोन वेगळे इंग्रजी शब्द रशियन लिपीत अगदी एकसारखे लिहिले जातात.

घरच्या शब्दांचा साठा मात्र परक्या विद्यार्थ्याला वाटतो त्याहून पुष्कळ मोठा आहे. ‘क्रूता’ म्हणजे मुळात उभ्या चढाचे, तीव्र उताराचे. आज तो ‘कूल’ या शब्दाची जागा पूर्णपणे भरून काढतो. ‘अत्स्तोय’ म्हणजे तळाशी बसलेला गाळ, आणि एखादी गोष्ट अगदीच टाकाऊ आहे हे त्याने सांगता येते. ‘अब्लोम’ म्हणजे मोडून पडणे, अर्थात ऐन वेळी झालेला विरस. ‘झेस्त’ म्हणजे पत्रा, आणि एखाद्या कठोर प्रसंगाचे वर्णन ऐकून रशियन माणूस हा एकच शब्द उच्चारतो. ‘अगोन’ म्हणजे आग, आणि इंग्रजीतली नवी पिढी ज्या अर्थाने एखादे गाणे ‘फायर’ आहे असे म्हणते, त्याच अर्थाने तो रशियनमध्येही चालतो. ‘अगदी माझ्याच आयुष्यातले’ या अर्थी इंग्रजीत ‘रिलेटेबल’ म्हणतात. त्यासाठी रशियन तरुणांनी जीवन या अर्थाच्या ‘झीझ्न’ शब्दापासून ‘झीझा’ असा दोन अक्षरांचा शब्द स्वतःच घडवला. दुसऱ्याच्या वागण्याने आपल्यालाच ओशाळे वाटते, त्या भावनेला ‘क्रिंझ’ येण्याच्या आधीपासून ‘इस्पान्स्की स्तीद’, म्हणजे ‘स्पॅनिश लाज’, असा शब्दप्रयोग आहे. तो मला इतका नेमका वाटतो की ‘क्रिंझ’ लिहिताना अजूनही हात थोडा थबकतो.

माझा निर्णय ज्या एका त्रासामुळे झाला, तो असा. एका खेळात एक पात्र करपलेले सूप चाखून ते ‘ट्रॅश’, म्हणजे अगदी टाकाऊ, असल्याचे म्हणते. रशियनमध्ये ‘त्रेश’ हा उसना शब्द रूढ आहे हे मला माहीत होते, म्हणून मी निःशंकपणे तोच लिहिला. मजकूर तपासणाऱ्या रशियन संपादिकेने विचारले की या सुपात असे काय भयंकर घडले आहे. रशियन बोलण्यात ‘त्रेश’ हा प्रामुख्याने अंगावर येणाऱ्या, हादरवून टाकणाऱ्या प्रसंगासाठी वापरला जातो. तिथे टाकाऊपणापेक्षा धक्का महत्त्वाचा असतो. मी रशियन अक्षरे वाचत होतो, पण मला ऐकू येत होता तो इंग्रजी शब्द. त्यानंतर मी जुने काम पुन्हा वाचून काढले आणि हीच चूक मला पुनःपुन्हा दिसली. ‘मी खूप हाइप्ड आहे’, म्हणजे मी अतिशय उत्सुक आहे, हे वाक्य मी ‘खाइप’ शब्दाच्या क्रियापदाने नेले होते. रशियन वाचकाला त्यातून हे पात्र स्वतःभोवती गाजावाजा करून लक्ष वेधू पाहत आहे, असा अर्थ लागतो.

मराठी वाचकाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. मुंबईत एखादा ‘सिनेमा सॉलिड आहे’ म्हणतो, तेव्हा तो सिनेमा भक्कम किंवा घट्ट असल्याचे सांगत नसतो, आणि आपल्या ‘टेन्शन’मध्ये इंग्रजी ताणाहून काहीतरी अधिक घरगुती असते. उसना शब्द नव्या घरी आला की नव्या घराच्या सवयी लावून घेतो. रशियनभाषक अनुवादकाला त्या सवयी आपोआप कळतात. आपल्याला त्या कळत नाहीत, कारण इंग्रजी आपल्याला रशियनपेक्षा जवळची आहे. अनोळखी रशियन शब्द वापरताना मी शब्दकोश उघडतो, उदाहरणे पाहतो, कुणाला तरी विचारतो. ओळखीचा भासणारा शब्द मात्र मी तपासतच नाही, आणि म्हणून तोच अधिक फसवतो. इतरांचा अनुभव वेगळा असू शकेल, पण माझ्या कामातल्या गंभीर चुका जवळजवळ सगळ्या उसन्या शब्दांत सापडल्या.

घरच्या शब्दांची अडचण त्यांच्या कुळात आहे. रशियन बोलभाषेतले कितीतरी शब्द तुरुंगातून आणि गुन्हेगारांच्या सांकेतिक बोलीतून आलेले आहेत. ‘झाश्क्वार’ हा शब्द आज शाळकरी मुलेही ‘लाजिरवाणा प्रकार’ या अर्थी वापरतात, पण त्याचे मूळ बहिष्कृत कैद्याच्या वस्तूला हात लागून ‘बाटणे’ या तुरुंगातल्या कल्पनेत आहे, आणि मोठ्या वयाच्या वाचकाला तो वास अजूनही येतो. कॅलिफोर्नियातल्या मुलीने मैत्रिणीच्या कपड्यांना नावे ठेवताना हा शब्द वापरला, तर ती क्षणात भलत्याच अंगणात जाऊन उभी राहते. तरीही सगळे कुळ असेच आहे असे समजू नये. ‘छान’ या अर्थाचा ‘क्ल्योवी’ हा शब्द अफेनी नावाच्या फिरत्या विक्रेत्यांच्या गुप्त बोलीतून आला आणि आता त्याला कसलाच डाग उरलेला नाही. रिता राइट-कोवालेवा यांनी अमेरिकन लेखक सॅलिंजर यांच्या ‘द कॅचर इन द राय’ या कादंबरीचा सोव्हिएत काळात जो रशियन अनुवाद केला, त्यात ढोंगीपणासाठी ‘लीपा’ हा शब्द येतो. शब्दशः ते एका झाडाचे नाव, बोलण्यात मात्र बनावट माल. त्या अनुवादात मूळची भाषा सौम्य झाली अशी टीका झाली आहे आणि ती काही अंशी योग्यही असेल, पण ‘लीपा’ आज वाचतानाही जिवंत वाटतो.

उसने शब्द लवकर शिळे होतात, हाही माझा एक आक्षेप आहे, मात्र त्यावर मी फार भर देणार नाही. सत्तरच्या दशकातल्या सोव्हिएत हिप्पींनी इंग्रजी ‘शूज’ला पुन्हा रशियन अनेकवचनाचा प्रत्यय लावून ‘शूझी’ केले आणि ‘गर्ल’ला स्त्रीलिंगी करून ‘गेर्ला’ केले. आज हे शब्द ऐकले की ते दशकच डोळ्यांपुढे उभे राहते. याच पद्धतीने इंग्रजी ‘बक्स’पासून झालेला डॉलरसाठीचा ‘बाक्सी’ मात्र टिकला, तेव्हा नियम सांगणे अवघड आहे. शिव्यांचा प्रश्न वेगळाच आहे. इंग्रजीतली रोजची शिवी रशियनमध्ये शब्दशः नेली तर ती कितीतरी पटींनी जड होते, आणि 1 जुलै 2014 पासून चित्रपट व नाटकांत अशा शब्दांना रशियात कायद्यानेच मनाई आहे. तेथे ‘ब्लीन’ हा घावनासारख्या पदार्थाचे नाव असलेला सोज्वळ पर्याय बहुतेक वेळा पुरतो.

पात्रे इंटरनेटवरच वाढलेली असतील आणि वाचकही त्यांच्याच वयाचे असतील, तर उसने शब्द घेण्यात काहीच गैर नाही. फक्त प्रत्येक शब्द अनोळखी समजून तपासावा. इतर सर्व ठिकाणी मी घरचा शब्द आधी शोधून पाहावा असे सुचवेन. स्त्री-पुरुष रूपांच्या ज्या अडचणीमुळे मला पूर्वी ‘क्राश’ सोयीचा वाटत असे, तीही रशियन भाषा स्वतःच्या बळावर सोडवते. ‘म्न्ये न्रावित्सा’ म्हणजे ‘मला आवडते’, आणि ‘म्न्ये न्ये तेर्पीत्सा’ म्हणजे ‘मला धीर धरवत नाही’. दोन्हींत बोलणारा मराठीप्रमाणेच चतुर्थीत असतो आणि त्याचे लिंग कुठेच उघड होत नाही. ही रचना इंग्रजी वळणाच्या अनुवादकाला मुद्दाम शिकावी लागते, आपल्याला ती जन्मतःच मिळालेली आहे. त्या ‘हाइप्ड’ पात्राच्या तोंडी आता हेच दुसरे वाक्य आहे, आणि सूप चाखणारे पात्र त्या करपलेल्या सुपाला साधे ‘गादस्त’, म्हणजे ‘शी, काय घाण’, एवढेच म्हणते.