घरच्यांना आधी कोणता भाग दाखवावा: 'सिटी' की 'इनर लाइट'?

'स्टार ट्रेक' या अंतराळप्रवासाच्या अमेरिकन मालिकेचा एकही भाग न पाहिलेल्या घरच्या माणसांना एका संध्याकाळी एकच भाग दाखवायचा असेल, तर जुन्या चाहत्यांच्या बोलण्यात दोन नावे हमखास येतात. पहिले मूळ मालिकेतील 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर', जो ६ एप्रिल १९६७ रोजी प्रथम दाखवला गेला, आणि दुसरे 'नेक्स्ट जनरेशन' या नंतरच्या मालिकेतील जून १९९२ चा 'द इनर लाइट'. विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार दोघांनाही मिळालेला आहे, एकाला १९६८ मध्ये आणि दुसऱ्याला १९९३ मध्ये, त्यामुळे तो निकष इथे निरुपयोगी ठरतो. राजारामपुरीतल्या आमच्या घरी मी हे दोन्ही भाग निरनिराळ्या वेळी घरच्यांना आणि मित्रांना दाखवले आहेत, आणि पुढचे मत त्या मोजक्या संध्याकाळींवर आधारलेले आहे. कथानके लागतील तेवढीच सांगतो.

'सिटी'ची बाजू आधी मांडतो, कारण रचनेच्या दृष्टीने तो भाग मला आजही अधिक घट्ट वाटतो. औषधाच्या अतिमात्रेने भ्रमिष्ट होऊन भूतकाळात पळालेला डॉक्टर मॅकॉय, त्याला रोखण्यासाठी १९३० च्या न्यूयॉर्कमध्ये उतरलेले जहाजाचा कप्तान कर्क आणि त्याचा परग्रहावरचा सहकारी स्पॉक, मंदीत भुकेल्यांना सूप वाढणारी ईडिथ कीलर आणि तिच्या मरणावर टांगलेले सगळे भविष्य, एवढा ऐवज पन्नास मिनिटांत बसवला आहे आणि जोन कॉलिन्सने ईडिथला कुठेही भाबडी होऊ दिलेले नाही. हार्लन एलिसनच्या मूळ संहितेत इतरांनी बरेच फेरफार केले आणि त्याचा राग त्याच्या मनातून कधी गेला नाही. लेखकांच्या संघटनेचा पुरस्कार त्याच्या मूळ संहितेला मिळाला आणि ह्यूगो मात्र पडद्यावर आलेल्या रूपाला. मूळ संहितेत निर्णायक क्षणी कर्क हतबल होतो, तर पडद्यावर तो ईडिथला वाचवायला धावलेल्या मॅकॉयला स्वतःच्या हातांनी धरून ठेवतो. यावरून चाहत्यांत आजही दोन तट आहेत. मी पडद्यावरच्या रूपाच्या बाजूने आहे, कारण प्रेमात पडलेल्या माणसाने हातपाय गळून गप्प बसणे आणि जाणूनबुजून आडवे येणे यांत दुसरी गोष्ट मला फार जड वाटते. स्पॉकचे टोकदार कान लपवण्यासाठी कर्क पोलिसाला जी थाप मारतो, तो चिनी असून लहानपणी भात कापण्याच्या यंत्रात अडकला होता ही, ती मात्र आज ऐकताना अवघडायला होते.

परंतु माझी खरी अडचण वेगळीच झाली. तो शेवटचा क्षण पोहोचण्यासाठी प्रेक्षकाच्या डोक्यात एक लांबलचक साखळी तयार असावी लागते: ईडिथ जगली तर तिची शांततेची चळवळ वाढणार, १९३६ मध्ये ती थेट राष्ट्राध्यक्षांना भेटणार, अमेरिका युद्धात उशिरा उतरणार, तेवढ्या अवधीत जर्मनी अणुबॉम्ब तयार करणार आणि युद्ध जिंकणार. स्पॉक हे सगळे भाड्याच्या खोलीत, जुन्या रेडिओच्या सुट्या भागांवर जुळवलेल्या यंत्रासमोर उभा राहून, जेमतेम दोन मिनिटांत सांगतो. नेमक्या त्याच दोन मिनिटांत माझा भाचा भडंगाच्या डब्याकडे वळला होता. पुढे ट्रक आला, ईडिथ गेली, तिला वाचवता आले असते असे मॅकॉय कळवळून म्हणाला आणि ते कर्कला ठाऊक आहे असे स्पॉकने शांतपणे सांगितले, मी श्वास रोखून बसलो होतो, तेवढ्यात भाच्याने विचारले, "पण मामा, त्यानं तिला वाचवलं का नाही?" मी चित्र थांबवले. पडद्यावर कर्क अर्धवट मिटलेल्या डोळ्यांनी गोठला आणि मी दुसऱ्या महायुद्धाची सनावळी सांगत बसलो. पाच मिनिटांनी चित्र पुन्हा सुरू केले, तेव्हा त्या चेहऱ्यात काहीही उरलेले नव्हते.

पुढच्या वेळी मी शहाणपणा करून ही साखळी आधीच समजावून सांगितली. त्याचा परिणाम असा झाला की ईडिथ मरणार हे सगळ्यांना पहिल्यापासून ठाऊक होते आणि तिच्या प्रत्येक प्रवेशाला खोलीत कुणीतरी "बिचारी" असे म्हणत होते. म्हणजे थांबवून सांगितले तरी नुकसान आणि आधी सांगितले तरी नुकसान. त्यातच एका मित्राच्या वडिलांनी, जे निवृत्त शिक्षक आहेत, वेगळाच मुद्दा काढला. १९३० हे दांडीयात्रेचे साल. त्याच साली शांतता सांगणारी बाई मेली तरच जग वाचते, हे आपण मुकाट्याने कसे मान्य करायचे, असे त्यांचे म्हणणे होते. ईडिथचे म्हणणे बरोबरच होते, फक्त काळ चुकला होता, अशा अर्थाचे स्पॉकचे वाक्य मी त्यांना ऐकवले, पण त्यांचे समाधान झाले नाही आणि खरे सांगायचे तर माझेही पुरते झाले नाही. वाद उत्तम रंगला. ज्यांच्यासाठी भाग लावला होता ती मंडळी मात्र तोवर जेवायला बसली होती.

'इनर लाइट'मध्ये एका मृत ग्रहावरून रॉकेटने सोडलेले यंत्र जहाजाचा कप्तान पिकार्ड याला बेशुद्ध करते, तो मनातल्या मनात त्या ग्रहावरचा कॅमिन म्हणून अख्खे आयुष्य जगतो आणि शेवटी त्या यंत्रातल्या पेटीत कॅमिनची बासरी सापडते. हा भाग दाखवताना मला एकदाच थांबावे लागले आणि तेही सुरुवातीलाच. अनोळखी घरात जाग आलेला पिकार्ड हवेत पाहून संगणकाला आज्ञा देतो, तेव्हा जहाजावर खोटे जग उभे करणारी एक खोली असते आणि आपण तिथेच आहोत असे त्याला वाटते, एवढे सांगावे लागले. त्यापुढे समजावण्यासारखे काही नाही. एक गाव आहे, पाऊस नाही, चौकात एक रोप आहे आणि लोक आपल्या वाट्याच्या पाण्यातून त्याला पाणी घालतात. माझी आत्या जत तालुक्यातली. बहात्तरच्या दुष्काळात तिने खडी फोडलेली आहे. इंग्रजी तिला येत नाही आणि मी अधूनमधून एखादे वाक्य मराठीत सांगत होतो, पण कॅमिन आणि त्याची मुलगी माती तपासतात त्या प्रसंगात ती माझ्या आधी समजली आणि "मेली माती," एवढेच म्हणाली. पुढे ग्रहाचा अंत जवळ आल्याचे आपल्याला कधीचे माहीत आहे, अशी कबुली अधिकारी कॅमिनला खासगीत देतो, त्यावर तिचा शेरा होता, "सरकारला ठावं हुतं म्हण की."

या भागावर चाहत्यांचे आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत. शिरोलीत फाउंड्री चालवणारा माझा मित्र विचारतो की ज्यांना एक रॉकेट सोडताना नाकी नऊ येतात, त्यांनी परक्याच्या मेंदूत पंचवीस मिनिटांत अख्खे आयुष्य उतरवणारे यंत्र कसे घडवले. (कॅमिनचा 'लोखंड विणण्याचा' धंदा नेमका काय असतो, हाही त्याचा प्रलंबित प्रश्न आहे.) काहींना पिकार्डची संमती न घेता हे केले गेले याचा राग येतो. सर्वांत जुनी तक्रार अशी की एवढे आयुष्य जगून परतलेला माणूस पुढच्या भागात जणू काही घडलेच नाही असा वागतो. सहाव्या पर्वातल्या 'लेसन्स' या भागात ती बासरी पुन्हा येते, पण मोडलेल्या हिशेबाची ती तुटपुंजी भरपाई आहे, हे मीही मानतो. मात्र ही तक्रार मालिका ओळीने पाहणाऱ्याची आहे, एकच भाग पाहणाऱ्याला ती शिवतही नाही. उलट, संसार न केलेला हा माणूस इथे बाप आणि आजोबा होतो, यातली कळ नवख्याला पूर्ण लागत नाही, हा तोटा मला अधिक खरा वाटतो. भाग संथ आहे हेही लपवण्यात अर्थ नाही; भाच्याने मधल्या दहा मिनिटांत दोनदा मोबाइल पाहिला.

तरीही मला विचाराल, तर आधी 'इनर लाइट' लावावा असे नम्रपणे सुचवेन, विशेषतः घरात एखादे वडीलधारे माणूस पाहायला बसणार असेल तर. 'सिटी' नंतरसाठी ठेवावा, आणि कर्क, स्पॉक, मॅकॉय यांची ओळख करून देणारे चार-पाच भाग आधी झालेले असावेत. ज्यांच्या घरी सगळेच इतिहासाचे वाचक आहेत, त्यांना हा क्रम उलटा करायला हरकत नाही.

'इनर लाइट' संपल्यावर मात्र लगेच दिवा लावू नये. पिकार्ड खिडकीपाशी एकटा बासरी वाजवत होता, तेव्हा मी सवयीने उठलो आणि आत्याने हाताने मला खाली बसवले. सूर थांबल्यावर ती म्हणाली, "म्हंजे पेटीतली बासरी खरी हुती." मी हो म्हणालो.